उघडायचं कशानं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरातली वस्तू बिघडली की ती दुरुस्त कशी करायची हे पुढचं. आधी ती उघडायची कशानं, इथंच घोडं पेंड खातं. बहुतेक घरांत हत्यारं म्हणून जे काही असतं ते बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात मावतं. एक पक्कड, एक हातोडी, एक टेस्टर आणि एक स्क्रू ड्रायव्हर. हा स्क्रू ड्रायव्हर बिचारा मोठा सोशिक. त्यानं रंगाचा डबा उघडायचा, करवंटीतून खोबरं सोडवायचं, भिंतीतला खिळा उपटायचा, फुगलेलं दार उचकटायचं. एवढं सगळं करून टोक गोल झालं की मग त्यानं स्क्रूही फिरवायचा. तो फिरत नाही. मग आपण म्हणतो, स्क्रू जाम झालाय.

मी पेशानं फिटर. परळच्या एका कापडगिरणीच्या मेकॅनिक खात्यात उमेदवारी केली, पुढे सगळी नोकरी टूलरूममध्ये झाली आणि राहायला मी पहिल्यापासून माटुंग्याला. त्यामुळे ओळखीपाळखीची माणसं अजूनही बंद पडलेल्या वस्तू घेऊन येतात. मिक्सर, शिवणयंत्र, टेबल फॅन. आमच्याकडे दाक्षिणात्य वस्ती पुष्कळ, त्यामुळे एकदा तर वीणेच्या घट्ट बसलेल्या खुंट्याही आल्या होत्या. पण आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे तिचं नाव ऐकून तुम्ही जरा दचकाल. रिव्हॉल्व्हर. त्यातही रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे ज्याच्या घरांत काडतुसं बसतात ते फिरतं पिंप. ते सोडवायला योग्य हत्यार कोणतं, याची ही गोष्ट.

हे काम मी केलेलं नाही, हे आधीच सांगतो. तसं करायला कायद्यानं मनाई आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक विकायलाच नव्हे, तर दुरुस्त करायला आणि चाचणी घ्यायलाही परवाना लागतो. ज्यानं काम केलं त्याच्याकडे तो होता. मी बाजूला स्टुलावर बसून पाहिलं, आणि एक लहानसं हत्यार तेवढं घडवून दिलं.

झालं असं. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ वारले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्याकडे वडिलांपासून आलेलं बत्तीस बोअरचं वेब्ली रिव्हॉल्व्हर होतं. परवाना रीतसर अण्णांच्या नावावर, नूतनीकरण केलेलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली आहे, त्यामुळे त्या मुदतीतच सगळं बसत होतं. पण शेवटची चार वर्षं अण्णा अंथरुणाला खिळून होते. त्या चार वर्षांत ते रिव्हॉल्व्हर कपाटातून बाहेर आलं नाही.

अण्णा गेल्यावर पंधरा दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचं ते कपाटात आहे. मला ते घरात नको."

त्यांचं म्हणणं भावनेपुरतं नव्हतं, कायद्याचंही तेच म्हणणं आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. माणूस गेला की ते शस्त्र घरात ठेवण्याचा हक्क बाकीच्यांना आपोआप मिळत नाही. विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. वारसाला हवं असेल तर त्यानं आपल्या नावावर परवाना मागावा, नको असेल तर पुढची विल्हेवाट लावता येते. पुष्कळ घरांत हे माहीत नसतं. "आजोबांची आठवण" म्हणून बंदूक माळ्यावर राहते आणि एक दिवस नातू खेळता खेळता तिथं पोचतो.

आम्ही पोलीस ठाण्यात कळवलं. तिथून एक हवालदार आले. सज्जन माणूस. त्यांनी वहिनींना चार शब्द धीराचे सांगितले, मग कपाटातली कातडी म्यान हातात घेतली आणि विचारलं, "रिकामं आहे ना?"

वहिनी म्हणाल्या, "हे म्हणायचे, रिकामं आहे."

हवालदारांनी ते उघडून बघायचा प्रयत्न केला. उघडेना.

इथं थोडं यंत्र समजून घ्यायला हवं. वेब्लीची रिव्हॉल्व्हरं मधून मोडतात. म्हणजे नळीच्या खाली बिजागरी असते, मागे घोड्याजवळ एक खिट्टी. अंगठ्यानं खिट्टी दाबली की नळी आणि सिलिंडर खाली झुकतात आणि सिलिंडरच्या मधून एक चांदणीसारखी चकती वर उचलली जाते. ती चकती सगळी काडतुसं एकदम वर ढकलते. मोठी छान युक्ती आहे. ब्रिटिश सैन्यानं वेब्लीचा पहिला नमुना १८८७ मध्ये स्वीकारला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेच साल. आमच्या माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा जन्मही त्याच ज्युबिलीतला, फक्त तेव्हा ती भायखळ्याला होती, माटुंग्याला आली १९२३ मध्ये. असो. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात जे बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं बनत आलं, तेही याच मधून मोडणाऱ्या घराण्यातलं.

आता अण्णांच्या रिव्हॉल्व्हरचं काय झालं होतं? ते चार पावसाळे कातडी म्यानात पडून होतं. लोकांना वाटतं, चामड्याच्या म्यानात वस्तू सुरक्षित राहते. मुंबईत नेमकं उलट होतं. चामडं हवेतली ओल शोषून धरून ठेवतं, चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात असतातच, आणि आपली हवा समुद्राची, खारट. पोलादाला याहून वाईट सोबत मिळणं कठीण. खिट्टी गंजून बसली होती, सिलिंडर फिरत नव्हता, आणि आत काय आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

हवालदार म्हणाले, रिकामं आहे की भरलेलं हे कळल्याशिवाय असं ठेवून घेता येणार नाही, आधी जाणकाराला दाखवू. दक्षिण मुंबईत एका जुन्या परवानाधारक बंदूकवाल्याकडे ते स्वतः घेऊन गेले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही जा हो सोबत. तुम्हाला यंत्रातलं कळतं." म्हणून मी गेलो.

दुकानातल्या कारागिराला सगळे चाचा म्हणत. सत्तरीच्या पुढचे असावेत. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, नळी भिंतीकडे केली, आणि बराच वेळ काहीच केलं नाही. नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "भरा हुआ समझो."

या एका वाक्यानं सगळं काम बदलून गेलं. गंजलेला स्क्रू सोडवायचे आम्हा फिटर लोकांचे दोन हमखास उपाय. एक म्हणजे ठोका, दुसरा म्हणजे तापवा. हातोडीनं दणका दिला की गंजाची पकड तुटते. गॅसची ज्योत दाखवली की लोखंड प्रसरण पावतं आणि आटे सुटतात. आत जिवंत काडतूस असेल तर यातलं काहीही करता येत नाही. राहिलं काय? तेल, वेळ, आणि खाचेत नेमकं बसणारं हत्यार.

चाचांनी खिट्टीच्या सांध्यात पातळ तेल सोडलं आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी खिट्टी सुटली. नळी जेमतेम दोन बोटं झुकली आणि अडकली. पण तेवढ्या फटीतून दिसायचं ते दिसलं. सहा घरांपैकी चार घरांत पितळेच्या कडा होत्या, हिरव्या पडलेल्या. हवालदार काही बोलले नाहीत. मीही नाही.

चांदणीची चकती वर येत नव्हती. तिच्यावर जोर द्यायचा नाही, कारण काडतुसं घरात चिकटलेली. म्हणजे अख्खा सिलिंडरच बाहेर काढायचा आणि मग एकेक काडतूस सावकाश सोडवायचं, हा एकच मार्ग. आणि सिलिंडर धरून ठेवणारा जो स्क्रू होता, त्याच्या डोक्याची खाच पूर्वी कुणीतरी चावून ठेवली होती.

"चावणं" हा आमच्यातला शब्द. ते कसं होतं हे सांगितलं पाहिजे, कारण तुमच्या-माझ्या घरातला निम्मा त्रास यातूनच येतो. बाजारात मिळणारा साधा स्क्रू ड्रायव्हर टोकाकडे पाचरीसारखा निमुळता असतो. असं केल्यानं तो अनेक मापांच्या खाचांत थोडाथोडा बसतो, म्हणून विकणाऱ्याला बरा. पण पाचर खाचेच्या तळाला टेकत नाही, फक्त वरच्या दोन कडांना टेकते. जोर लावला की ती उतारावरून चढल्यासारखी वर सरकते, निसटते, आणि जाता जाता कडा सोलून काढते. दोन-तीनदा असं झालं की खाचेची वाटी होते. मग जगातला कुठलाच स्क्रू ड्रायव्हर तिथं धरत नाही.

बंदुकीच्या कामातला स्क्रू ड्रायव्हर वेगळा असतो. त्याच्या पात्याच्या दोन्ही बाजू टोकाशी समांतर असतात. जाडी खाचेइतकी, रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी, आणि टोक थेट तळाला टेकलेलं. हातानं बसवला की तो हलत नाही, स्क्रूचाच एक भाग होऊन जातो. म्हणूनच असल्या कारागिराकडे एक स्क्रू ड्रायव्हर नसतो, पन्नास असतात, आणि त्यातले बरेचसे एकाच कुठल्यातरी स्क्रूसाठी घासलेले असतात. चाचांच्या फळीवर होतेच तेवढे. पण त्यातला एकही त्यांनी उचलला नाही. त्यांनी खण उघडून एक नाणं काढलं.

पंचम जॉर्जचं, पाव आण्याचं. जुन्या माणसांना आठवत असेल, आपण त्याला तांब्याचा पैसा म्हणायचो. खरं तर ते ब्राँझचं.

मला गंमत वाटली. मग चाचांनी समजावलं. वेब्लीच्या लष्करी नमुन्यांत या जागचा स्क्रू मुद्दाम नाण्यानं फिरवता येईल असा केलेला असतो. खाच रुंद, उथळ, नाण्याच्या काठासाठी. विचार साधा होता. रणांगणावर शिपायाजवळ पान्यांची पेटी नसते. चिखलात पडलेलं रिव्हॉल्व्हर त्याला तिथल्या तिथं सोडून पुसता आलं पाहिजे. खिशात काही नसलं तरी एखादं नाणं असतंच. म्हणून हत्यार म्हणजे नाणं. शिवाय ब्राँझ पोलादापेक्षा मऊ. निसटलंच तर नाणं झिजेल, स्क्रू शाबूत राहील. आजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, त्यांच्याबद्दल हे म्हणता येणार नाही.

बर्मिंगहॅमच्या त्या कारखान्यात बसून कुणीतरी, ही वस्तू पुढे कोण उघडणार आहे, तो कुठे असेल, त्याच्या खिशात काय असेल, इतका विचार केला होता. मला हे फार आवडलं.

नाणं लावलं. स्क्रू हलला नाही. खाच चावलेली, त्यात गंज. चाचांनी एका बोथट पोगरानं, अगदी हळू, सोललेल्या कडा पुन्हा आत दाबून बसवल्या. खाच बरीचशी मूळ आकाराला आली. पण नाण्याला पकडायला मूठ नाही, जोर किती लागणार? चाचा म्हणाले, या नाण्याच्या काठासारखं पातं हवं, वर आडवी मूठ. त्यांच्याकडे ते नव्हतं. मी म्हटलं, शोधतो.

आता मुंबईत हत्यार शोधायचं म्हणजे पहिली धाव नागदेवीला. नागदेवी स्ट्रीटवर जे मिळत नाही ते हिंदुस्थानात बनत नाही, असं आमचे हेडफिटर म्हणायचे. तिथं मी चार दुकानं फिरलो. गोलाकार टोकाचं पातं म्हटल्यावर एकानं मला लापीचा पत्रा दाखवला. मग शुक्रवारी पहाटे चोरबाजार. जुम्म्याच्या त्या बाजारात उजाडायच्या आत पोचावं लागतं. तिथं ते मिळालं नाही, पण दुसरंच काही दिसलं आणि मी बराच वेळ उभा राहिलो.

गोणपाटावर पान्यांचा ढीग होता. व्हिटवर्थचे पाने. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं एक प्रमाण सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाची चाकी दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. आमच्या गिरण्यांतली लँकेशायरहून आलेली यंत्रं सगळी व्हिटवर्थची. या पान्यांची एक खोड होती. त्यांच्यावर कोरलेला आकडा पान्याच्या जबड्याचा नसतो, ज्या बोल्टला तो लागतो त्या बोल्टच्या जाडीचा असतो. नवा पोरगा अर्ध्या इंचाचा पाना मागवायचा आणि जबडा बघून चक्रावून जायचा. पुढे १९५६ च्या कायद्यानं आपण मेट्रिकवर गेलो, नवी यंत्रं मिलिमीटरमध्ये आली, आणि खात्यात दोन्ही संच शेजारी शेजारी टांगले गेले. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून आम्ही जुन्यांच्या मुठी लाल रंगवायचो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. साचे भंगारात गेले, आणि त्यांच्यामागून हे पाने. त्या ढिगातल्या दोन मुठींवर लाल रंगाचे पोपडे होते. आमच्याच खात्यातले असतील असं नाही, लाल रंग सगळेच लावायचे. किलोवर विकायला होते. मी एक घेतला. कामाचा नाही, घेतला आपला.

शेवटी जे करायचं तेच केलं. हत्यार मिळत नसेल तर घडवायचं. टूलरूम म्हणजे दुसरं काय? धारावीच्या टोकाला एका ओळखीच्याचं लहानसं वर्कशॉप आहे. तिथं सिल्व्हर स्टीलचा एक तुकडा घेतला, शेगड्यात धरला आणि कानशीनं घासायला लागलो. चाचांनी नाणं दिलंच होतं, त्याच्या काठाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहायचं. मग पाणी चढवणं. पातं लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं, पण काचेसारखंच ठिसूळही. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा मंद तापवायचं. पोलादावर रंग चढत जातात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कानशीला किंवा छिन्नीला जो रंग चालतो तो स्क्रू ड्रायव्हरला चालत नाही. याला निळ्याच्या जवळ न्यायचं. कडकपणा थोडा जातो, चिवटपणा येतो. हे रंग पुस्तकात वाचून कळत नाहीत. शेजारी उभं राहून कुणीतरी "आता!" म्हणावं लागतं. मला म्हणणारे पुष्कळ भेटले.

पातं घेऊन दुकानात गेलो तेव्हा चाचा दुसऱ्याच एका कामात होते. एका परवानाधारकाचं अमेरिकन बनावटीचं रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला आलं होतं, स्मिथ अँड वेसनचं. यात सिलिंडर बाजूला झुलतो आणि त्याच्या मधोमध एक कांडी असते. सिलिंडर सुटा करायचा तर ती कांडी उलगडायची. कुणीतरी पकडीनं ती उलगडायचा खटाटोप केला होता. कांडीच्या टोकाला बोटानं धरायला जी बारीक नक्षी असते ती सपाट झाली होती, आणि कांडी जास्तच घट्ट बसली होती.

कारण आटे उलटे होते.

या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर नेम धरणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. जुन्या नमुन्यांत कांडीला नेहमीचे सुलटे आटे असत, त्यामुळे सिलिंडर फिरता फिरता ती आपोआप सैल पडे, पुढे सरके, आणि रिव्हॉल्व्हर उघडेनासं होई. म्हणून १९६० च्या सुमारास कंपनीनं आटे उलटे केले. आता जुना नमुना एका दिशेनं उघडतो, नवा दुसऱ्या. बाहेरून दोन्ही सारखे. चाचांकडे त्यासाठी खास पकड होती, नळीसारखी, कांडीला सगळीकडून सारखी आवळणारी. शिवाय त्यांनी सिलिंडरच्या घरांत वापरलेली रिकामी टोपणं भरली होती, म्हणजे पिळण्याचा सगळा ताण आतल्या नाजूक खुंटीवर येत नाही. ही पकड नसेल तर या कामाला हातच लावू नये, असं त्यांचं मत. पण ते म्हणाले, पकड ही नंतरची गोष्ट. आधी कुठल्या दिशेनं हे कळायला हवं.

उलटे आटे काही बंदुकीपुरते नाहीत. तुमच्या घरातला टेबल फॅन घ्या. पाती धुवायला काढताना मधली प्लॅस्टिकची चाकी नेहमीच्या दिशेनं फिरवून किती घरांत तुटली असेल याची गणती नाही. ती उलट्या आट्याची असते, कारण पंखा सुरू झाला की चाकी मागे राहू पाहते, सुलटे आटे असते तर रोज थोडी थोडी सैल झाली असती. गॅस वेल्डिंगवाल्यांचे सिलिंडर पाहा. ऑक्सिजनची जोडणी सुलटी, अॅसिटिलीनची उलटी, आणि त्या चाकीच्या कोपऱ्यांवर खाचा पाडलेल्या, अंधारातही हाताला कळावं म्हणून. एकाची नळी दुसऱ्याला लागलीच नाही पाहिजे, तिथं चूक म्हणजे स्फोट. आणि आमच्या माटुंग्याचं म्हणाल, तर १९१५ पासूनचं रेल्वेचं वर्कशॉप इथं आहे. त्यात ज्या डब्यांची दुरुस्ती पिढ्यान् पिढ्या झाली, त्या जुन्या डब्यांना जोडणाऱ्या स्क्रू कपलिंगच्या दांड्यावर अर्ध्या भागात सुलटे आटे असतात आणि अर्ध्यात उलटे. दांडा एकाच दिशेनं फिरवला की दोन्ही बाजू एकमेकींकडे ओढल्या जातात आणि डबे जवळ येतात. एका दांड्यात दोन स्वभाव. आमचे शेजारी तिथं होते, त्यांना हे विचारलं की ते हातांनीच करून दाखवायचे.

वेब्लीवाल्यानं ठरवलं, कुणीही उघडावं, नाण्यानं उघडावं. अमेरिकेतल्यानं ठरवलं, जाणकारानं उघडावं. दोन्हींत अर्थ आहे. पण अलीकडे तिसराच प्रकार आलाय, कुणीच उघडू नये. मोबाइल फोनच्या तळाशी पाच पाकळ्यांचे इवलेसे स्क्रू दिसतात ना, ते आयफोनवर २०१० नंतर दिसू लागले. तोवर तसला स्क्रू ड्रायव्हर कुणाच्याच डब्यात नव्हता. त्या पाकळ्यांनी स्क्रू काही अधिक घट्ट बसत नाही, मालक तेवढा बाहेर राहतो. पुढे आपल्या दुरुस्तीवाल्यांनी तोही स्क्रू ड्रायव्हर मिळवलाच म्हणा. आपल्या सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेर एक पोर्टलही सुरू केलं. चांगलं आहे. पण घरातल्या वस्तूचा साधा आराखडा खोक्यात मिळाला तर मला जास्त आनंद होईल. पूर्वी रेडिओच्या आत तो चिकटवलेला असायचा.

तर ते वेब्ली. चाचांनी मी घासलेलं पातं खाचेत ठेवलं, बोटानं हलवून पाहिलं. हललं नाही. मग त्यांनी आधी स्क्रू आणखी घट्ट करायच्या दिशेनं एक बारीकसा हिसका दिला. हे आम्ही गिरणीतही करायचो. गंज पहिल्यांदा तिकडूनच तुटतो. मग उलट. एक बारीक कुरकुर ऐकू आली, आणि स्क्रू पाव फेरा आला. पुन्हा तेल. दहा मिनिटं कुणी काही केलं नाही. चहा आला. चहानंतर स्क्रू पूर्ण बाहेर आला आणि सिलिंडर चाचांच्या तळहातावर उतरला.

काडतुसं त्यांनी आतल्या खोलीत नेऊन लाकडी काडीनं एकेक सोडवली. आम्हाला बाहेर बसवलं. चार निघाली. हिरवी, पण शाबूत.

संध्याकाळी मी वहिनींना सांगितलं. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चार वर्षं त्याच कप्प्यात मी ह्यांच्या औषधाच्या बाटल्या ठेवत होते. सुट्टीत नातवंडं यायची, त्याच खोलीत झोपायची." पुढे म्हणाल्या, "ह्यांना वाटलं असेल, रिकामं आहे." मी हो म्हटलं. आजारी माणसाच्या लक्षात काय राहिलं असेल आणि काय नसेल, कोण सांगणार?

जमा केल्याची पावती मिळाली. त्यात रिव्हॉल्व्हरचा नंबर, बोअर, आणि खाली वेगळ्या ओळीत, काडतुसं चार. वारस म्हणून परवाना मागायचा आहे का, असं हवालदारांनी विचारलं, तेव्हा वहिनींनी नको म्हटलं. मुलगा बंगळुरूला असतो, त्यालाही नको आहे. ते विकून टाकायचं की सरकारजमा करायचं, एवढाच प्रश्न आता राहिला आहे, आणि तो कागदाचा आहे. पावती वहिनींनी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली.